खेचराचा श्वास

खेचराचं पोट वर गेलं, खाली आलं, आणि प्राध्यापकांनी चित्र थांबवलं. पडद्यावर सकाळचा राखाडी रस्ता, रस्त्याच्या मधोमध आडवं पडलेलं ते जनावर, त्याच्या पाठीवरून घसरून पसरलेल्या विटा, आणि कडेनं वळसा घालून जाणाऱ्या सायकलवाल्याचं अर्धंच चाक. "मंडळी," प्राध्यापक म्हणाले, "दिग्दर्शकानं इथं घोडा घेतला नाही, गाढवही घेतलं नाही. खेचर घेतलं. का?" सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, दुपारची जेवणं उरकून आलेली, आणि निम्म्यांनी तरी वह्या काढल्या होत्या. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या कानसेनाला ते 'का' चांगलंच ठाऊक होतं. घोडा आणला होता की! चांगला पांढराशुभ्र, देखणा घोडा. पण चित्रीकरणाच्या दिवशी तो काही केल्या आडवा होईना. त्याला चुचकारलं, दटावलं, शेवटी त्याच्या मालकानं स्वतः रस्त्यावर आडवं पडून दाखवलं, तरी घोडा आपला ढिम्म. आणि शेजारच्या बांधकामावर विटा वाहणारं एक खेचर होतं, ते मनाला येईल तेव्हा बसकण मारायचं आणि मग कुणाच्या बापानं उठवलं तरी उठायचं नाही. "हेच घ्या," दिग्दर्शक वैतागून म्हणाला होता, "ऊन चढतंय." झालं ते एवढंच. "ना घोडा, ना गाढव," प्राध्यापक सांगत होते, "ज्याच्या मागे कूळ नाही, पुढे वंश नाही, पाठीवर फक्त ओझं आहे. मंडळी, हे खेचर म्हणजे आपण." माना हलल्या, पेनं चालली. एरवी कानसेनाला हसू फुटलं असतं. पण त्याचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे होतं. तिथं त्याची लेक बसली होती, आणि चित्र थांबायच्या आधीचा तो शेवटचा श्वास ऐकताना तिचा चष्मा पुसणारा हात थांबला होता.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. स्टुडिओत कुणीतरी थट्टेनं ठेवलं आणि चिकटलं, इतकं की पुढं पुढं पत्रंसुद्धा त्याच नावानं यायला लागली. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या सिनेमांना आवाज पुरवले. पडद्यावर नट जिना चढायचा आणि ऐकू यायचा तो कानसेनाचा बूट. नायिका पत्र फाडायची तेव्हा फाटायचं ते कानसेनाकडचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर. हाड मोडायचं असलं की कोबीचा देठ, पाखरं उडवायची असली की रबरी हातमोजे. लोकांना खरा आवाज नको असतो, खऱ्यासारखा हवा असतो, हे तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. आणि त्याचा तो हात! ध्वनिमुद्रण सुरू झालं की त्याचा उजवा हात खांद्याएवढा वर जायचा, पंजा उघडा, आणि तो खाली येईपर्यंत खोलीत कुणी ब्र काढायचा नाही, मग तो निर्माता असो नाहीतर निर्मात्याचा सासरा. हा हात स्टुडिओतच राहिला असता तर बरं झालं असतं. पण तो घरी आला. घरातही कानसेन काही ना काही पकडत बसलेला असायचा, खिडकीवरचा पाऊस म्हणा, भांड्यात उकळणारं पाणी म्हणा, आणि हात वर गेला की त्याची बायको हातातला डाव हवेतच धरून उभी राहायची. लेक तीन वर्षांची असताना दोरीनं लाकडी हत्ती ओढत घरभर फिरायची, तीसुद्धा हात दिसला की जिथल्या तिथं थांबायची, गाल फुगवून, श्वास कोंडून. पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटायची. "तुमचा हात वर गेला की माझा घसाच बसतो," बायको म्हणायची, आणि हसायची. कधीकधी भांडणातही तो हात वर जायचा, आणि तेव्हा खोलीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र नसायचं, हे त्या दोघांनाही माहीत असायचं.

"परत एकदा बघू," प्राध्यापक म्हणाले. दिवे गेले. खेचराचं पोट पुन्हा वर जाऊ लागलं. कानसेनानं खुर्चीचे हात घट्ट धरले. इथं यायचंच नव्हतं त्याला. फिल्म सोसायटीचं निमंत्रण आलं तेव्हा ते त्यानं वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सारलं होतं, पण छकूच्या नजरेतून काय सुटणार! लेकीला तो अजून छकूच म्हणायचा, ती चाळिशीला आली तरी. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. बापानं कान सांभाळले, लेकीनं डोळे, असं तिची आई सगळ्यांना सांगायची. दर रविवारी छकू यायची, त्याचे शर्ट बघायची, फ्रिज बघायची, आणि फळीवरचं ते बक्षीस ओल्या फडक्यानं पुसायची, 'सर्वोत्कृष्ट ध्वनी' असं कोरलेलं, पितळेचं, तिरकं उभं राहणारं. "दर रविवारी हे मी पुसते," ती निमंत्रण हातात धरून म्हणाली, "आणि सिनेमा अजून बघितला नाही. बारा वर्षं झाली, बाबा." त्यानं गुडघ्याचं कारण काढलं, उन्हाचं काढलं. "मी नेते ना तुम्हाला. गाडी करू." सिनेमा आला त्याच वर्षी आई गेलेली, तेव्हा दोघांपैकी कुणालाच थिएटरची पायरी चढायची इच्छा नव्हती, आणि पुढं ते राहूनच गेलं. म्हणजे छकूचं राहून गेलं. त्यानं ते राहू दिलं. बारा वर्षं जिवाचं रान करून त्यानं तिला सिनेमाच्या सुरुवातीच्या त्या चार मिनिटांपासून लांब ठेवलं होतं, आणि आज तिच्याच हाताला धरून तो तिला त्यांच्यासमोर घेऊन आला होता.

दुसऱ्या वेळी छकू पुढं झुकली. अंधारात त्याला तिच्या चेहऱ्याची फक्त कड दिसत होती. पहिला श्वास, दुसरा श्वास. आत जाताना खाली खरवडल्यासारखा, बाहेर येताना शेवटी एक बारीक शीळ. ही शीळ तो कुठंही ओळखील. आणि छकू? तिनं आईच्या शेजारी सात महिने काढले होते, पलंगाला पलंग लावून. दिग्दर्शक तेव्हा अगदी पोरगेला होता, पहिलाच सिनेमा, आणि सुरुवातीची चार मिनिटं त्याला संगीत नको होतं, शब्द नको होता, फक्त त्या जनावराचा श्वास हवा होता. जागेवर पकडलेला आवाज बांधकामावरच्या पंपानं खाऊन टाकलेला. मग कानसेनानं भाते आणले, चामड्याची बॅग दाबून बघितली, गरम पाण्याच्या रबरी पिशवीत स्वतः तोंड घालून श्वास घेतले, चक्कर येईपर्यंत. पोरगा प्रत्येक वेळी मान हलवायचा. "काका, हे सगळं छान आहे. पण यात मरण नाही." कानसेनाच्या तोंडावर असं कुणी कधी बोललं नव्हतं. चाळीस वर्षांची अब्रू, आणि ती एका खेचरापाशी अडकली होती. चार दिवस तो घुश्शात होता. जेवताना गप्प, बोलावं तर खेकसून. आणि आतल्या खोलीत पलंगावर त्याची बायको श्वास घेत होती.

तिच्या फुप्फुसांनी त्याच्या दोन वर्षं आधीच हात टेकले होते. नाकात नळी, उशाशी हवेचं यंत्र, त्याची चोवीस तास घरघर. छकू तीन दिवसांसाठी परगावी गेली होती, दुकानाचं कसलंसं प्रशिक्षण होतं, आणि जाताना तिनं कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं, गोळ्या, वेळा, फोन नंबर. ती जायला तयार नव्हती, आईनंच तिला पाठवलं. त्यातला हा दुसरा दिवस. दुपारी कानसेन औषध द्यायला गेला आणि तिथंच उभा राहिला, चमचा हातात धरून. यंत्राच्या घरघरीखाली त्याला ते ऐकू आलं. इतके दिवस घरातच होतं की! त्याची मान जराशी कलली, आणि छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला तेवढं पुरतं. "काय झालं?" ती म्हणाली. तिला एका वेळी तीनचार शब्दच जमायचे. "काही नाही. अगं, ते खेचर." "मिळालं?" त्याची नजर तिच्या छातीवर होती. मग तीच हसली, म्हणजे खांदे हलले. "माझा घेताय का श्वास? घ्या. माझ्या काय कामाचा!" आणि जरा थांबून, "खेचर तर खेचर. शेवटी सिनेमात गेले मी." ही गोष्ट, एवढीच जर असती, तर ती त्यानं छकूला केव्हाच सांगितली असती. दोघं हसली असती, रडली असती, आणि दर रविवारी बक्षीस पुसताना छकूनं त्याला 'आईचं बक्षीस' म्हटलं असतं. गोष्ट इथं थांबत नव्हती, तीच तर पीडा होती.

दुपारचे तीन. आवाजाच्या माणसाला ही वेळ मोठी लाखाची. रस्ता पेंगलेला, समोरच्या शाळेची मुलं वर्गात, वरच्या मजल्यावरची शिवणयंत्रवाली बाई झोपलेली. त्यानं खिडकी लावली, पंखा बंद केला, घड्याळातला सेल काढला, फ्रिजची पिन काढली. उरलं ते हवेचं यंत्र. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि ती त्याच्याकडे. "बंद करा की," ती म्हणाली, "जेवताना... नाही का काढत?" खरंच काढायचे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पाच-दहा मिनिटांना हरकत नाही. पाच मिनिटं फक्त, असं म्हणून त्यानं बटण दाबलं. माइक उशीपाशी लावला, कानांवर हेडफोन चढवले. पहिल्या खेपेला तिला हसू आलं. दुसऱ्या खेपेला पलंग कुरकुरला. आणि मग तिसऱ्या खेपेला ते आलं, ज्यासाठी त्या पोरानं चार दिवस त्याची झोप उडवली होती. खरवड, थांबा, शीळ. खरवड, थांबा, शीळ. हेडफोनमधून ती त्याच्या इतकी जवळ आली होती जितकी छत्तीस वर्षांत कधी आली नव्हती, कानाच्या आतच जणू, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. निव्वळ धंद्यातला आनंद. समोर बायको आहे हेच तो विसरला. त्याची नजर आवाज मोजणाऱ्या काट्यावर होती, काटा अगदी हवा तिथं नाचत होता. आणि तेवढ्यात कानात आलं, "अहो, जरा—"

हात वर गेला. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्याएवढा वर, पंजा उघडा. आणि ती गप्प झाली.

पुढं दोन मिनिटं चाळीस सेकंद त्यानं तो हात खाली घेतला नाही. त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांतले श्वास सगळ्यांत चांगले होते. पडद्यावर बहुतेक तेच आहेत, त्यांनाच बक्षीस मिळालं. हात खाली आल्यावर त्यानं यंत्र सुरू केलं, नळी नीट बसवली, तिच्या कपाळावरचा घाम टिपला. "काय म्हणत होतीस?" तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. चादरीवरची बोटं तेवढी हलवली, जाऊ दे, काही नाही, अशी. दमली असेल, त्याला वाटलं. झोपू दे जरा. आणि तो बाहेरच्या खोलीत जाऊन टेबलाशी बसला, हेडफोन लावून, नुकतंच पकडलेलं पुन्हा ऐकत. तासभर बसला. शाळा सुटल्याचा गलका हेडफोनमधून आत आला तेव्हा तो उठला. तिचे ओठ निळे पडले होते. मग धावपळ, रुग्णवाहिका, जिन्यावर शेजाऱ्यांची गर्दी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपलंच. ती पुन्हा बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, होणारच होतं, आठवड्याचा फार तर फरक. यंत्र बंद होतं हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. छकू दुपारी पोचली, बॅग खांद्यावर तशीच, आणि तिनं पहिलं विचारलं ते, "शेवटचं काय म्हणाली आई?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणाली, छकूला सांगा, घाई करून येऊ नको. मी आहे." कुठून सुचलं कोण जाणे. छकूनं ते वाक्य उराशी धरलं. नवीन नोकरी घेताना, घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना, दातदुखीच्या रात्रीसुद्धा ती म्हणायची, आई म्हणाली होती ना, मी आहे. प्रत्येक वेळी कानसेन मान डोलवायचा.

"इथं!" प्राध्यापकांनी चित्र पुन्हा थांबवलं. "हे ऐकलंत? सोळाव्या श्वासानंतर एक ठोका चुकतो. अर्ध्या-पाऊण सेकंदाची पोकळी आहे. मला विचाराल तर सगळा सिनेमा या पोकळीत आहे. त्या मुक्या जनावराला जणू शब्द फुटणार होता, आणि त्यानं तो गिळला." हा माणूस अर्धा तास वाट्टेल ते ठोकत होता, विटा म्हणजे इतिहास काय, सायकलचं चाक म्हणजे काळ काय, आणि मधूनच असं काही नेमकं बोलून गेला! ती पोकळी कानसेनाचीच होती. 'अहो, जरा' त्यानं स्वतः कापलं होतं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टुडिओत बसून, दोन कापांत. दोन्ही टोकं भिडवून बघितली तर श्वासाची लय तुटत होती, म्हणून थोडी फट ठेवावी लागली. कापलेला तुकडा त्यानं टाकला नाही. तो घरी आहे, जुन्या चष्म्याच्या डबीत, नखाएवढ्या कार्डावर. छकू रविवारी निघून गेली की तो ऐकतो. अहो, जरा. आयुष्यभर तिचं प्रत्येक मागणं असंच सुरू व्हायचं, अहो, जरा ती बरणी काढून द्या, अहो, जरा इकडं बघा, अहो, जरा बसा ना. जरा काय? यंत्र लावा? पाणी द्या? जवळ या? चाळीस वर्षं माणसांच्या आवाजातला केस न् केस वेगळा करणारा कान, आणि एवढ्याचं उत्तर त्याला मिळालं नाही. कारण ते त्या तुकड्यात नाहीच. त्याच्या हातामुळं ते तिच्याजवळच राहिलं.

"आता एक करूया," प्राध्यापक उत्साहात म्हणाले. "चित्र बंद करतो. सगळ्यांनी डोळे मिटा आणि फक्त ऐका." कानसेनाला ओरडावंसं वाटलं. उठावं, छातीत कळ आल्याचं सोंग करावं, छकूला बाहेर न्यावं. पडदा काळा झाला आणि सभागृहाच्या चारी भिंतींमधून श्वास यायला लागला. खेचर नव्हतं आता. रस्ता नव्हता, विटा नव्हत्या, काही अर्थ लावायला जागाच नव्हती. अंधारात एक बाई श्वास घेत होती, बस्स. ते त्या साठ-सत्तर माणसांना कसं कळत नव्हतं याचंच त्याला आश्चर्य वाटलं. खरवड, थांबा, शीळ. त्यानं डोळे मिटले नव्हते, तो शेजारी बघत होता. छकूनंही मिटले नव्हते. ती काळ्या पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. आईच्या शेजारी पडून ती श्वास मोजायची, मिनिटाला किती, आणि सकाळी वहीत लिहायची. सोळावा श्वास झाला, पोकळी आली, गेली. छकूचे ओठ मिटले. तिनं मान वळवून बापाकडे बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दिवे लागले, आणि प्राध्यापकांनी शेवटचा घाव घातला. "हा अजोड श्वास ज्यांनी निर्माण केला, ते कलावंत आज आपल्यात बसले आहेत." टाळ्या. लोक मागं वळले, कुणी उभे राहिले, पहिल्या रांगेतून माइक हातोहात त्याच्यापर्यंत आला. "सांगा ना," प्राध्यापक म्हणाले, "कसा केलात हा आवाज?" माइक हातात आला तसा तो सवयीनं त्याचं वजन बघू लागला. जुना होता, स्वस्तातला, जाळी चेपलेली. सांग, त्यानं स्वतःला म्हटलं. माझ्या बायकोचा आहे म्हण. तिनं हसत दिला म्हण. पहिलं वाक्य बोललास की दुसरं येईल, दुसऱ्यामागं तिसरं, आणि मग तो हात येईल. शेजारी छकू मांडीवर हात ठेवून बसली होती, सरळ, डोळे तपासायला आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकासारखी. "रबराची पिशवी," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज त्या माइकमधून पातळ येत होता. "गरम पाण्याची असते ना, ती. तिच्यात आपलं तोंड घालायचं." लोक खळखळून हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या. "बघा!" प्राध्यापक म्हणाले, "रबराच्या पिशवीतून माणूस केवढं दुःख काढतो!" कानसेन खाली बसला. बारा वर्षांपूर्वी त्यानं तिचा शब्द कापला होता, आज ती उरलीसुरली होती तीही त्यानं पुसून टाकली. सभागृहातल्या सगळ्या वह्यांत आता रबराची पिशवी होती.

बाहेरच्या दालनात एक लांब बाक होता आणि काचेच्या दारातून चार वाजताचं ऊन त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. छकूनं गाडीला फोन केला, पाच मिनिटं म्हणाले. लोक जाता जाता त्याच्याशी हात मिळवून गेले. एका वहीवाल्या मुलीनं त्याची सही घेतली. सगळे पांगले, शिपायानं आतल्या दाराला कडी घातली, आणि मग दोघंच राहिली. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता, तिच्या पिशवीची चेन, दाराच्या फटीतून येणारा रस्ता. ती बोलली तेव्हा आवाज अगदी नेहमीचा होता, भाजी काय करायची विचारावं तसा. "रबराची पिशवी होती?"

"हो," तो म्हणाला.

"सात महिने मी तिच्या शेजारी झोपलेय, बाबा."

बोलायला काय, सगळंच होतं. तिच्या हसण्यापासून सुरुवात करावी, शेवटी सिनेमात गेले मी, इथून. मग ते बटण. मग ती चादरीवरची बोटं. मग ते वाक्य, मी आहे, जे आईनं कधी म्हटलंच नव्हतं, ज्याच्या आधारानं ही पोर बारा वर्षं उभी होती. ते काढून घ्यायचं तिच्याकडून? आणि नाही काढलं तर? त्याला एकदम भयंकर भीती वाटली, आता ही आपल्याकडं यायची थांबेल, रविवार येतील आणि दार वाजणार नाही, आणि घरात ऐकायला फक्त ती डबी राहील. छकू त्याच्याकडे वळली. पूर्ण वळली, गुडघे वळवून, लहानपणी काही कबूल करायचं असलं की वळायची तशी. तिचे डोळे कोरडे होते. त्यांत राग नव्हता, निदान त्याला दिसला नाही. काही विचारायचं होतं तिला, किंवा सांगायचं होतं. किंवा नुसतं रडायचं होतं त्याच्यापाशी. तिनं श्वास घेतला.

"बाबा, मला जरा—"

हात वर गेला. खांद्याएवढा, पंजा उघडा. दालनात माइक नव्हता, यंत्र नव्हतं, पकडण्याजोगं काही म्हणता काही नव्हतं. आणि छकूचं तोंड मिटलं. चाळीस वर्षांची बाई, पिकायला लागलेले केस, आणि ती जिथल्या तिथं थांबली, श्वास कोंडून, त्या हाताकडे बघत, तो खाली यायची वाट बघत. त्यालाही तो हात आत्ता दिसला. तो खाली येत नव्हता. त्यानं तो डाव्या हातानं धरून खाली ओढला आणि मांडीखाली दाबून ठेवला. "बोल," तो म्हणाला. "बोल ना, छकू. अगं, चुकून गेला तो, सवयीनं गेला. काय म्हणत होतीस? बोल काय ते. मी ऐकतोय." बाहेर गाडीचा भोंगा वाजला. छकूनं चष्मा नीट केला, पिशवी खांद्यावर घेतली, आणि दुसरा हात त्याच्या दंडाखाली घालून त्याला उठायला आधार दिला, दर वेळी द्यायची तसाच.

"काही नाही," ती म्हणाली. "चला, गाडी आली."

गाडीत तो तिच्या बाजूला कान करून बसला. घर येईपर्यंत ती काहीच बोलली नाही.